'नीडफुल' म्हणजे नेमकं काय?

मित्रांनो, आधी एक वाक्य वाचा. आहे इंग्रजी, पण आपला विभाग मराठी म्हणून देवनागरीत देतोय.

"इट हॅज बीन ऑब्झर्व्ह्ड दॅट देअर एक्झिस्ट्स अ पर्सेप्टिबल टेंडन्सी टुवर्ड्स डिमिन्यूशन इन द इंटर्नल डायमेन्शन, व्हिच मे नेसेसिटेट अप्रोप्रिएट करेक्टिव्ह मेजर्स. प्लीज डू द नीडफुल."

काय कळलं? काहीच नाही ना? लाजायचं कारण नाही. हे वाक्य मीच लिहिलं आहे, गेल्या उन्हाळ्यात, एका कंपनीच्या लॉगबुकात. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं होतं आणि स्वतःवर जाम खूष झालो होतो. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमाचा. तालुक्याचं गाव, झेडपीची शाळा. 'त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज' मला झोपेतही येते, पण फर्स्ट इयरच्या पहिल्या व्हायव्हात सरांनी फ्लायव्हील काय करतं असं विचारलं तेव्हा तोंडातून "सर, इट... मीन्स... इट इज फिरिंग..." एवढंच बाहेर पडलं. मागच्या रांगेत जो हशा पिकला तो अजून ऐकू येतो. फ्लायव्हील काय करतं हे मला पक्कं माहीत होतं हो! घरी कडबाकुट्टीच्या मशीनला ते रोज बघत होतो.

त्या दिवशी ठरवलं, इंग्रजी असं शिकायचं की समोरच्याला डिक्शनरी उघडावी लागेल. अप्पा बळवंत चौकातून शब्दसंग्रहाचं एक जाडजूड सेकंडहँड पुस्तक आणलं. रोज दहा शब्द. 'यूज' लिहायचं नाही, 'युटिलाइज' लिहायचं. 'स्टार्ट' नाही, 'कमेन्स'. 'एंड' नाही, 'टर्मिनेट'. 'बिकॉज' तर अगदीच शाळकरी, त्याऐवजी 'ड्यू टू द फॅक्ट दॅट'. थर्ड इयरपर्यंत वर्गातल्या निम्म्या पोरांचे अर्ज मी लिहून देत होतो. मराठी मीडियमचा असून काय इंग्रजी लिहितो, असं लोक म्हणायचे. छाती फुगायची.

आणि मग आलं इनप्लांट ट्रेनिंग.

कंपनी एमआयडीसीतली, नाव घेत नाही. मला मशीन शॉपमध्ये टाकलं होतं. एका सीएनसीवर एका हाउसिंगचा बोअर मारायचं काम चालू होतं. ड्रॉइंगमध्ये 40 मिलिमीटर, टॉलरन्स शून्य ते अधिक 25 मायक्रॉन. मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो : बोअर मारता मारता इन्सर्टची धार झिजते आणि बोअर हळूहळू लहान होत जातो. मग मशीनला ऑफसेट द्यायचा, नाहीतर इन्सर्ट बदलायचा. मी सेकंड शिफ्टला बोअरगेज घेऊन पीस मोजत होतो. 40.015, 40.011, 40.008, 40.006. आकडे खाली चालले होते. माझ्या लक्षात आलं, मला आनंद झाला, आणि शिफ्ट संपताना मी लॉगबुकात वर दिलेलं ते ऐतिहासिक वाक्य लिहून टाकलं. आकडा एकही लिहिला नाही. आकडे कसे, साधे दिसतात ना!

थर्ड शिफ्टला आला तो ऑपरेटर माझ्याच वयाचा. लातूरकडचा, आयटीआय केलेला, कंत्राटी. दर पंचवीस पीसला एक पीस मोजायचा ही तिथली पद्धत. त्याने पहिला पीस मोजला, 40.003, म्हणजे पास. पुढचा मोजला तोवर मधले एकोणीस पीस अंडरसाइज होऊन बसले होते. नशीब एवढंच की बोअर लहान झाला होता. मोठा झाला असता तर सगळे थेट भंगारात. हे पीस परत लावून रीवर्क करता आले, पण सकाळची डिस्पॅचची गाडी चुकली. साहेबांनी लॉगबुक मागवलं. माझी नोंद पाहिली, मान डोलावली आणि त्या पोराला म्हणाले, "ट्रेनी पोरगा लिहून गेलाय इथे, तुला वाचता येत नाही का?" त्या महिन्याचा त्याचा इन्सेंटिव्ह गेला. मला मात्र "गुड ऑब्झर्वेशन" मिळालं.

दुपारी कँटीनमध्ये मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. काय बोलावं कळेना. तोच म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलेलं वाचलं होतं मी. दोनदा वाचलं. कळलं नाही." मी म्हटलं, "मग कुणाला विचारायचं ना." तो ताटाकडे बघत म्हणाला, "लाज वाटली."

मित्रांनो, व्हायव्हातला तो हशा मी तीन वर्षं मनात धरून बसलो होतो. आणि तीच लाज मी उचलून, नीट पॉलिश करून, दुसऱ्या एका मराठी मीडियमच्या पोराच्या हातात दिली होती. तो मला 'सर' म्हणत होता हे आणखी वर.

त्याच शॉपमध्ये एक काका होते. तीस-एक वर्षं लेथवर काढलेले. बोलायचे अस्सल मराठीत, पण लॉगबुक ऑडिटसाठी इंग्रजीतच भरायचं असा नियम असल्यामुळे तेही इंग्रजीत लिहायचे. (ऑपरेटर मराठी, सुपरवायझर मराठी, मग ऑडिटरसाठी एवढा अट्टहास का, हा वेगळा लेखाचा विषय आहे. असो.) काकांच्या जुन्या नोंदी मी नंतर मुद्दाम काढून वाचल्या. एक नोंद अशी : "बोअर स्मॉल. लास्ट पीस 40.004. ऑफसेट गिव्हन. चेक एव्हरी 5." ग्रामरच्या मॅडमनी पाहिली असती तर लाल पेनाने वही रंगवली असती. क्रियापदाचा पत्ता नाही. पण काय झालंय, किती झालंय, मी काय केलं, आता तू काय करायचं, सगळं आठ शब्दांत आणि दोन आकड्यांत. माझ्या वाक्यात सव्वीस शब्द होते आणि यातलं एकही उत्तर नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, एकोणीस पीसची गोष्ट, एवढं काय त्याचं. तर आता याहून फार मोठी गोष्ट सांगतो.

कल्पना चावला आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कर्नालची मुलगी, 1982 साली चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमधून एरोनॉटिकल झाली. 16 जानेवारी 2003 ला कोलंबिया यानातून ती दुसऱ्यांदा अंतराळात गेली. उड्डाणानंतर साधारण 82 सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन सुमारे पाऊण किलो. जमिनीवरच्या इंजिनिअरना हे फिल्ममध्ये दिसलं होतं. यान अजून वर होतं, हातात दिवस होते. नुकसान किती असेल याचा अभ्यास झाला आणि 24 जानेवारीला तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्सवर मांडला गेला.

त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. एडवर्ड टफ्टी नावाच्या प्राध्यापकांनी तिची चिरफाड केली आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 च्या आपल्या अहवालात ती घेतली. स्लाइडचं शीर्षक होतं, "रिव्ह्यू ऑफ टेस्ट डेटा इंडिकेट्स कन्झर्व्हेटिझम फॉर टाइल पेनिट्रेशन". वाचणाऱ्याला काय वाटणार? हिशोब सावधपणे केलाय, काळजीचं कारण नाही. आता त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, बुलेटच्याही आतल्या बुलेटमध्ये काय होतं ते पाहा : प्रत्यक्ष तुकडा 1920 घनइंच धरलाय आणि चाचणी झाली होती ती 3 घनइंचाच्या तुकड्यावर. म्हणजे 640 पट फरक! खरी बातमी ही होती. आपल्याकडे या आकाराच्या तुकड्याची चाचणीच नाही, म्हणून आपल्याला माहीत नाही. एवढं एक वाक्य शीर्षकात हवं होतं. त्याऐवजी 'सिग्निफिकंट' आणि 'सिग्निफिकंटली' हे शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आले, आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. एकदा तर 640 पट फरकालाच 'सिग्निफिकंटली' म्हटलंय.

1 फेब्रुवारी 2003 ला परतताना यान फुटलं. सातही जण गेले. अपघाताची कारणं अनेक होती, फक्त एका स्लाइडमुळे हे झालं असं मी म्हणत नाही, अहवालही तसं म्हणत नाही. पण ज्यांनी ती लिहिली ते काही अडाणी नव्हते. इंग्रजी त्यांची मातृभाषा. म्हणजे हा रोग मराठी मीडियमचा नाही, हे तरी नक्की. आणि यातून मला एक शंका येते, जी मला माझ्याच वाक्याबद्दलही आली : आपण जड भाषा नेमकी कधी वापरतो? जिथे आपल्याला पक्कं माहीत नसतं तिथे. "बोअर कमी होतोय, इन्सर्ट बदला" असं लिहिलं असतं आणि चूक निघाली असती तर जबाबदारी माझ्यावर आली असती. "अप्रोप्रिएट करेक्टिव्ह मेजर्स" चुकूच शकत नाहीत. कारण ते काही सांगतच नाहीत! 'डू द नीडफुल'चं तेच. नीडफुल म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, तूच शोध, तूच कर आणि चुकलं तर तूच भर.

विमानवाल्यांनी यावर फार पूर्वी उपाय काढला. विमान बनतं एका देशात, दुरुस्त होतं दुसऱ्याच देशात, आणि मेंटेनन्स मॅन्युअल इंग्रजीत. वाचणाऱ्या मेकॅनिकचं इंग्रजी तुमच्या-माझ्यासारखंच. म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने 1986 साली 'सिम्प्लिफाइड इंग्लिश'ची नियमावली काढली. आज ती एएसडी-एसटीई 100 या नावाने चालते. साधारण नऊशे मंजूर शब्द, आणि भागांची वगैरे तांत्रिक नावं वेगळी. कृती सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या आत. एका वाक्यात एक कृती. 'करण्यात यावे' छाप पॅसिव्ह चालत नाही, सरळ 'हे कर' म्हणायचं. आणि एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. 'क्लोज' म्हणजे बंद करणे, बस्स. 'जवळ' म्हणायचं असेल तर 'निअर' लिहा. 'फॉलो' म्हणजे मागून येणे. नियम पाळायचे असतील तर 'ओबे' लिहा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उडालोच. मी तीन वर्षं एका गोष्टीला दहा शब्द पाठ करत होतो, आणि तिकडे शेकडो माणसांचा जीव ज्या कागदावर अवलंबून, तिथे दहातले नऊ शब्द बाद करण्याचं काम चाललं होतं!

सरकारंसुद्धा यात मागे नाहीत. चर्चिलने 1940 साली, डोक्यावर युद्ध असताना, आपल्या खात्यांना चिठ्ठी पाठवली होती की रिपोर्ट लहान करा, मुद्दे तुटक परिच्छेदांत द्या. अमेरिकेत 2010 साली 'प्लेन रायटिंग अ‍ॅक्ट' नावाचा चक्क कायदा झाला, सरकारी खात्यांनी लोकांना कळेल असं लिहावं म्हणून. आपल्याकडे मात्र अजून "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की" चालूच आहे. कुणी कळवलं? कुणाला विचारायचं? कर्ताच गायब. तलाठी ऑफिसात माझे वडील असा कागद घेऊन दुसऱ्याकडून वाचून घेतात, आणि तो कागद मराठीत असतो.

आता आपल्या कॉलेजकडे येऊ. (संपादकांनी हा परिच्छेद ठेवला तर त्यांचे आभार.) आपण पहिल्या वर्षापासून काय शिकतो? दहा मार्कांचा प्रश्न म्हणजे चार पानं. कमी लिहिलं तर पेपर तपासणाऱ्याला वाटेल की येत नाही. जर्नल मागच्या बॅचचं बघून उतरवायचं, आणि प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी कन्क्लूजन तेच, "थस वुई हॅव स्टडीड द वर्किंग ऑफ अमुकतमुक." सांगा, आठ सेमिस्टरमध्ये किती वेळा लिहिलंत? रीडिंग चुकीचं आलं, ग्राफ वाकडा आला, तरी थस वुई हॅव स्टडीड. एकदा तरी कुणी लिहिलंय का, की "एफिशियन्सी 112 टक्के आली, म्हणजे आमचं काहीतरी चुकलंय"? मी तर म्हणतो असं लिहिणाऱ्याला जास्त मार्क द्या. कम्युनिकेशन स्किल्सच्या लॅबमध्ये 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू करून 'थँकिंग यू'ने संपणारे अर्ज शिकवले जातात. पण एखादं मशीन बिघडलंय हे तीन ओळींत कसं लिहायचं, हे कुणी शिकवलं नाही.

आणि आता तर कष्ट करून जड शब्द पाठ करायचीही गरज उरलेली नाही. चॅटजीपीटीला सांगितलं की दोन ओळींचे दोन पानं होतात, तीही बिनचूक ग्रामरची. आमच्या ग्रुपने केलंय, कबूल करतो. वाचताना वा वा वाटतं. पण तुमचा बोअर 40.004 झालाय हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. नेमकी तीच ओळ आपल्याला लिहिता यायला हवी.

रूमवर या विषयावर खूप वाद झाला. एक मित्र म्हणाला, "तुझं ठीक आहे, पण इंटरव्ह्यूत साधं इंग्रजी बोललं तर लोक गावठी समजतात." यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. कॉन्व्हेंटवाल्याने छोटं वाक्य टाकलं की ती स्टाइल, आपण टाकलं की ते कच्चं इंग्रजी. हा अन्याय आहे आणि तो लगेच जाणार नाही. पण म्हणून जे शब्द आपले नाहीत ते अंगावर घालून फिरायचं का? भाड्याचा कोट खांद्यावर लोंबतोय हे लोकांना दिसतंच. काकांच्या त्या आठ शब्दांना मात्र कुणी हसू शकत नाही, कारण त्यात आकडा आहे.

दुसऱ्या मित्राचा मुद्दा जास्त अवघड होता. तो म्हणाला, "स्पष्ट लिहून तरी कोण ऐकतं?" आणि त्याने चॅलेंजरचं उदाहरण तोंडावर फेकलं. बरोबरच होतं. 31 जुलै 1985 ला रॉजर बॉइजोली या इंजिनिअरने आपल्या वरिष्ठांना चिठ्ठी लिहिली होती, ओ-रिंगच्या सीलचा प्रश्न लगेच सोडवला नाही तर यान गमावू, माणसं जातील. अगदी साध्या, थेट इंग्रजीत. उड्डाणाच्या आदल्या रात्रीही त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विरोध केला, थंडी फार आहे, उडवू नका म्हणून. ऐकलं नाही. 28 जानेवारी 1986 ला 73 सेकंदांत चॅलेंजर गेलं, सात माणसांसकट.

मी यावर गप्प बसलो होतो. नंतर रात्री विचार करताना वाटलं, फरक आहे. चॅलेंजरच्या चौकशीत त्या चिठ्ठीचा अर्थ काय यावर कुणाला वाद घालता आला नाही. ज्यांनी ऐकलं नाही, ते ऐकलं नाही म्हणूनच उघडे पडले. आणि माझ्या लॉगबुकात? ज्याने नीट लिहिलं नाही त्याला शाबासकी, आणि ज्याला कळलं नाही त्याचा पगार कापला. लिहिणाराच तिथे लपून बसला होता.

ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यात मी साहेबांना जाऊन सांगितलं, सर, त्या दिवशीची चूक माझी होती, माझी नोंद कळण्यासारखी नव्हती. ते हसले, म्हणाले, "अरे, तुझं इंग्लिश चांगलं आहे, सोडू नकोस." इन्सेंटिव्ह काही परत मिळाला नाही. त्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ द्या सर." त्यानंतर मी लॉगबुक भरायच्या आधी नोंद त्याला वाचून दाखवायचो. दोनदा त्याने शब्द बदलायला लावले. एकदा मी 'अ‍ॅप्रॉक्सिमेटली' लिहिलं होतं, तो म्हणाला, "मोजलंय ना तुम्ही? मग आकडा टाका की."

सध्या आमचा बीईचा प्रोजेक्ट रिपोर्ट चालू आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट आधी पाऊण पान होतं. मी आठवडाभर बसून ते सहा ओळींवर आणलं : आम्ही काय बनवलं, किती खर्च आला, किती वेळा चाललं, किती वेळा बंद पडलं. बंद पडण्याचे आकडे टाकायला ग्रुपमधले दोघं तयार नव्हते, त्यावरून भांडण झालं, शेवटी टाकले. काल गाइडना दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "समजतंय सगळं. पण फार छोटं वाटतंय रे, एक्स्टर्नलना बरं दिसणार नाही. थोडं वाढव."

सबमिशन शुक्रवारी आहे. अजून वाढवलेलं नाही.